खिंडीतली मोकळी वाट

भिवपुरीच्या टाटा वीजघरातली यंत्रं फिरवून झाली की तेच पाणी राजनाल्याला लागतं आणि कर्जतच्या खाचरांकडे निघतं. पावसाळी भात कापल्यावर इथे उन्हाळी भात होतं ते या पाण्याच्या जिवावर. पण कालवा कुठलाही असो, तोंडाशी असेल त्याला पाणी आधी मिळतं आणि शेवटाला असेल त्याला उरलं तर मिळतं. कर्जत तालुक्यातल्या एका गावात यावरून नऊ वर्षं वैर चाललं होतं. गावाचं नाव नको. नाल्याखालचं कुठलंही गाव धरलंत तरी चालेल.

गावात वरची आळी आणि खालची आळी. दोन्हीकडे आडनाव एक, कुलदैवत एक, भावकी एक. एका फाल्गुनात खालच्या आळीच्या रोपांना पाणी पोचेना, म्हणून रात्री दोन पोरं बॅटरी घेऊन चारीच्या तोंडाशी गेली. तिथे फळ्या टाकून पाणी वरच्या खाचरांत वळवलेलं. पोरांनी फळ्या उपसल्या. वरच्या आळीची माणसं धावून आली, फावड्याचे दांडे चालले. खालच्या आळीतल्या एका पोराचा हात कोपरात मोडला, वरच्या आळीतल्या एकाचं डोकं फुटलं. दोन्हीकडून फिर्यादी झाल्या आणि कर्जतच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. पुढे खालच्या आळीतली एक म्हातारी गेली, तेव्हा वरच्या आळीतून खांदा द्यायला कोणी आलं नाही. सुतक मात्र दोन्ही आळ्यांनी पाळलं.

पोलीस ठाण्यात एकदा समजुतीचा कागद झाला होता. दोन्ही बाजूंनी शांतता राखावी, एवढंच त्यात होतं. पाणी कोणाला कधी, याबद्दल एक अक्षर नव्हतं. तो कागद पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकला नाही. गावात तंटामुक्ती समितीही होती. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिने कित्येक गावांतली भांडणं गावातच मिटवली. पण इथे समितीवर बसलेले सगळेच या नाहीतर त्या आळीचे होते.

वरच्या आळीत नानांचा शब्द चाले, खालच्या आळीत आप्पांचा. नऊ वर्षांनी पारडं नानांकडे झुकलं होतं. खालची खाचरं उन्हाळ्यात ओस पडू लागली, तरणी पोरं खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत लागली, आणि फार्महाऊससाठी जमिनी बघत फिरणाऱ्या मुंबईच्या गाड्या आप्पांच्या दारात थांबू लागल्या. नाना म्हणत, "आणखी एक उन्हाळा. मग विकून मोकळे होतील."

गावात एक निवृत्त गुरुजी राहत होते. मूळचे खालापुरातले, चावणीच्या अंगाचे. नोकरीच्या निमित्ताने इथे आले आणि इथेच राहिले. नाना आणि आप्पा दोघांनाही त्यांनी चौथीपर्यंत शिकवलं होतं. नाल्याखाली त्यांच्या नावावर एक गुंठाही नव्हता आणि दोन्ही आळ्यांत त्यांचं कोणी नात्यातलं नव्हतं. मध्यस्थी करणाऱ्याजवळ बाकी काही नसलं तरी चालतं, पण ज्यावरून भांडण चाललंय त्यात त्याचा वाटा असता कामा नये, असं मला वाटतं. गुरुजी त्या बाबतीत पुरते मोकळे होते.

ते आधी नानांकडे गेले. काही समजावलं नाही. एवढंच म्हणाले, "नाना, उद्या माझ्याबरोबर माझ्या गावाकडे चल." गुरुजींना नाही म्हणायची नानांची टाप नव्हती. दोघांनी कर्जतहून खोपोली लोकल धरली, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला उतरले, पुढे पालीची एसटी धरून शेमडीच्या फाट्यावर आले आणि तिथून चावणीच्या वाटेला लागले. माघाचं ऊन होतं. अंबा नदीच्या पात्रात गोटे उघडे पडले होते. दोन्ही बाजूंना रानाने भरलेले डोंगर आणि समोर कुरवंड्याचा घाट. उंबरखिंडीच्या स्मारकापाशी नाना टोपी काढून उभे राहिले.

गुरुजींनी लढाई सांगितली. १६६१ चा फेब्रुवारी. शायिस्ताखान पुण्यात ठाण मांडून बसलेला. कोकण घ्यायला त्याने कारतलबखानाला पाठवलं, आणि त्याच्या सोबत माहूरची सरदारीण रायबागन दिली. फौज घाट उतरून या दाट रानात शिरली. पुढची तोंडं शिवाजी महाराजांनी बंद केली होती, मागची वाटही बंद केली. वारा नाही, पाणी नाही, वरून बाण, गोळ्या आणि दगड. मोगल फौजेला धड लढताही येईना आणि पळताही येईना. तेव्हा खानाला खरं सांगायला पुढे आली ती रायबागन. सिंहाच्या रानात सैन्य घालून तू चूक केलीस, आता शरण जा आणि ही माणसं वाचव, अशा अर्थाचं तिचं बोलणं परमानंदांच्या शिवभारतात आलं आहे. खानाने वकील पाठवला. महाराजांनी अभय दिलं. सामानसुमान, खजिना, जे काही बरोबर आणलं होतं ते इथेच टाका आणि जीव घेऊन परत जा, अशी अट घातली. फौज रिकाम्या हाताने, पण जिवंत परत गेली.

नाना गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "गुरुजी, हातात सापडले होते. कापून का नाही काढले?"

"पुण्यात शायिस्ताखान याच्या कितीतरी पट फौज घेऊन बसला होता, म्हणून. महाराजांना इथून दाभोळ, संगमेश्वर, शृंगारपूर गाठायचं होतं, म्हणून. इथे मोगलांना तोंड द्यायला नेताजी पालकर मागे ठेवले आणि स्वतः खाली उतरले. माणसं इथे खर्ची घातली असती तर पुढे काय नेलं असतं? कोंडलेला माणूस मरायला तयार होतो नाना, आणि मरायला तयार झालेला जाताना चार जणांना घेऊन जातो. महाराजांना हवं होतं ते एका अटीत मिळालं." गुरुजी जरा थांबले. "तू आप्पाला कुठली वाट ठेवली आहेस?"

नाना इतिहासाचे विद्यार्थी नसतील, पण माणूस हुशार. त्यांनी जो सवाल केला तो मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा वाटतो. ते म्हणाले, "मोगल परत गेले गुरुजी. घाट चढून गेले, मिटलं. आप्पा कुठे जाणार? मी वाट सोडली तर तो उद्या पुन्हा माझ्या चारीवर उभा."

शत्रू निघून जाणार असेल तर अभय पुरतं. शेजारीच राहणार असेल तर काय करायचं, याचं उत्तर उंबरखिंडीत नाही. गुरुजींनी ते मान्य केलं. परतीच्या एसटीत त्यांनी नानांना एका फिनलंडच्या माणसाची गोष्ट सांगायला घेतली, आणि पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट आप्पांच्या पडवीत बसून सांगितली.

त्या माणसाचं नाव मार्ती अहतिसारी. जन्म १९३७ चा, व्हीपुरी शहरातला. तो लहान असतानाच रशियाशी युद्ध पेटलं, व्हीपुरी फिनलंडच्या हातून गेलं आणि चार लाखांवर माणसांना घरदार सोडून निघावं लागलं. त्यांत हे कुटुंब होतं. पोर मोठा होऊन प्राथमिक शिक्षक झाला. १९६० साली तो कराचीत गेला, व्यायामशिक्षक घडवणाऱ्या संस्थेत काम करायला. परराष्ट्र खात्यात शिरला तो त्यानंतर, १९६५ मध्ये. टांझानियात राजदूत झाला, आणि तिथून दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाच्या प्रश्नात पडला. तेरा वर्षं तो प्रश्न त्याने सोडला नाही. १९९४ ते २००० तो फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष होता. एवढं पद भोगल्यावर माणूस घरी बसतो. याने लढाया मिटवण्याचं काम करणारी संस्था काढली.

त्या संस्थेमार्फत त्याने आचेचा तंटा हाती घेतला. आचे हा इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाचा वायव्य टोकाचा प्रांत. तिथे १९७६ पासून स्वतंत्र आचेसाठी बंड चाललं होतं आणि त्यात पंधरा हजारांच्या आसपास माणसं मेली होती. २००२ च्या डिसेंबरात एक समझोता झाला होता. बंदुका थांबवायच्या, बाकीचं मागाहून बघू, असा. सहा महिन्यांच्या आत तो मोडला आणि लष्करी कायदा लागला. इथे आप्पा मध्येच म्हणाले, "आमच्या ठाण्यातल्या कागदासारखाच की."

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. एकट्या आचेत दीड लाखावर माणसं गेली. महिनाभरात दोन्ही बाजू हेलसिंकीजवळच्या एका जुन्या वाड्यात अहतिसारीसमोर बसल्या. त्याने पहिल्याच बैठकीत बंडखोरांना सांगून टाकलं की स्वातंत्र्य मिळणार नाही, त्यासाठी आला असाल तर वेळ घालवू नका. सरकारलाही बजावलं की फक्त हत्यारं खाली ठेवून घेऊन तुमचं काम भागणार नाही. दुसरा दंडक असा की सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही. एखादा सोपा मुद्दा आधी उचलून त्याचा गाजावाजा करायचा नाही. जानेवारी ते जुलै अशा पाच बैठका झाल्या. बंडखोरांनी स्वातंत्र्याची मागणी सोडून स्वशासन पत्करलं. सरकारने आचेत स्थानिक पक्ष काढू देण्याचं मान्य केलं. तेल-वायूसारख्या संपत्तीच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा आचेला मिळायचा ठरला. १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत सह्या झाल्या.

गुरुजींना यात सगळ्यात आवडायचा तो पुढचा भाग. बंडखोरांनी ८४० हत्यारं द्यायची, सरकारने बाहेरून आणलेलं सैन्य आणि पोलीस परत न्यायचे, आणि दोन्ही गोष्टी टप्प्याटप्प्याने बरोबरीने व्हायच्या. एका टप्प्याची हत्यारं आली की त्या टप्प्याचं सैन्य निघायचं. मोजायला युरोपीय संघाची आणि शेजारच्या आग्नेय आशियाई देशांची माणसं. एकेक बंदूक मोजून तोडली गेली. नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही बाजूंचा हिशेब पुरा झाला. "कोणाचा कोणावर विश्वास बसला म्हणून हे झालं नाही आप्पा," गुरुजी म्हणाले. "विश्वास नव्हता, म्हणूनच मोजणारा ठेवला."

दाराआड उभ्या असलेल्या आप्पांच्या वहिनी हे ऐकत होत्या. हात मोडलेल्या पोराची ही आई.

पहिली बैठक गुरुजींच्या ओट्यावर झाली आणि घटकाभरात उधळली. फळ्या आधी कोणी टाकल्या, दांडा आधी कोणी उचलला, यावरून आवाज चढले. त्या रात्री वरच्या आळीत बोललं गेलं की गुरुजी खालच्यांच्या पोरांच्या शिकवण्या घेतात, ते त्यांचेच. खालच्या आळीत बोललं गेलं की गुरुजींनी नानांना खिंड दाखवायला नेलं, तेव्हाच काय ते ठरलं. गुरुजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मध्ये पडणाऱ्याच्या वाट्याला हे येतंच. अहतिसारीच्या वाट्याला याहून भयंकर आलं होतं. १ एप्रिल १९८९ ला नामिबियात संयुक्त राष्ट्रांची देखरेख सुरू झाली, त्याच दिवशी नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वापो संघटनेचे सशस्त्र लढवय्ये अंगोलाची हद्द ओलांडून आत आले. संयुक्त राष्ट्रांचं सैन्य अजून पुरतं पोचलेलं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांचा तिथला प्रतिनिधी म्हणून त्याने दक्षिण आफ्रिकेच्या तुकड्यांना तळाबाहेर पडायला संमती दिली. त्या काही दिवसांत शेकडो लढवय्ये मारले गेले आणि त्या निर्णयाचा दोष त्याला आयुष्यभर चिकटला. तरी तो उठून गेला नाही. नोव्हेंबरात निवडणूक झाली, सत्त्याण्णव टक्के लोकांनी मतदान केलं, आणि २१ मार्च १९९० ला नामिबिया स्वतंत्र झाला. सगळीकडे त्याला यश आलं असंही नाही. कोसोव्होत दोन्ही बाजूंना मान्य होईल असा तोडगा त्याला काढता आला नाही.

गुरुजींनी पुन्हा निरोप धाडले. या वेळी एक अट होती. त्या रात्री काय झालं, हा विषय ओट्यावर काढायचा नाही.

आप्पांच्या माणसांचा हट्ट एकच होता: वरच्या आळीने देवळात सगळ्यांसमोर चूक कबूल करावी. वरच्या आळीला लेखी माफीनामा हवा होता. दोन्हीकडची माणसं आपापल्या शब्दावर अडून बसली. आणि मग वहिनींनी, स्वतःच्या आळीच्या माणसांना, दिराच्या तोंडावर विचारलं, "कबुलीने खाचर भिजतं का? हात माझ्या पोराचा मोडला. मला कबुली नको. मला चैत्रात पाणी हवंय, आणि तो पुन्हा रात्रीचा चारीवर जायला नको." ओट्यावर कोणी काही बोललं नाही. नानांनी खाली बघत सांगितलं की माफीनामा सोडला.

त्यानंतरचं काम बारीक होतं आणि त्याला तीन आठवडे लागले. गुरुजींनी शाळेच्या आखीव वहीत एकेक कलम लिहिलं. पाण्याची पाळी शेवटापासून सुरू करायची, म्हणजे आधी खालची आळी, मग वरची. पाळी तासांवर, प्रत्येकाच्या क्षेत्राप्रमाणे. चारीवरच्या सगळ्या फळ्या एकाच दिवशी दोन्ही आळ्यांनी आणून देवळाच्या खोलीत ठेवायच्या, मोजून, आणि किल्ली पाटकऱ्याकडे. पोराच्या हातावर पुन्हा शस्त्रक्रिया करायची होती, तिचा अर्धा खर्च वरच्या आळीने द्यायचा, पण माफी म्हणून नाही, भावकी म्हणून. डोकं फुटलेल्याच्या औषधाचे पैसे खालच्या आळीने द्यायचे. नाला सफाईला दरसाल प्रत्येक घरातून एक माणूस, आणि दोन्ही आळ्यांच्या जोड्या लावायच्या. पहिला हंगाम तास मोजायला शेजारच्या गावातले दोन तिऱ्हाईत शेतकरी बसवायचे. खटले लोकअदालतीत तडजोडीने काढून घ्यायचे, पण फळ्या खोलीत पडल्यावर, आधी नाही. शेवटचं कलम मान्य होईपर्यंत गुरुजींनी एकाही कलमावर सही घेतली नाही.

फळ्या जमा करायच्या दिवशी वरच्या आळीच्या दोन कमी भरल्या. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट असती तर दांडे निघाले असते. मोजणाऱ्या दोघांनी वहीत तसं लिहिलं आणि खालच्या आळीच्या दोन फळ्या परत देऊन टाकल्या. संध्याकाळी नानांचा पुतण्या राहिलेल्या दोन घेऊन आला, मग खालच्या आळीच्याही दोन आल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात कोणीतरी रात्री मातीचा बांध घालून पाणी वळवलं. वहीत लिहिल्याप्रमाणे त्या घराने दोन पोती भात दिलं आणि त्याची एक पाळी गेली. त्या घराचा आणि नानांचा अंगणाला अंगण लागून शेजार. नानांनी दंड माफ करायला सांगितलं नाही.

मुंबईची गाडी त्या वर्षीही आप्पांच्या दारात येऊन गेली. आप्पांनी जमीन विकली नाही. खालच्या आळीत त्या उन्हाळ्यात सगळीकडे नाही, पण बहुतेक खाचरांत भात उभं राहिलं. दोन्ही आळ्यांचं येणं-जाणं सुरू झालं ते त्याच्या नंतर, तेही एका लग्नात, आणि सगळ्या घरांचं नाही. दोन घरं अजून बोलत नाहीत. पाणी मात्र त्यांनाही पाळीप्रमाणे मिळतं.

आचेत २००६ च्या डिसेंबरात गव्हर्नरची निवडणूक झाली. निवडून आले ते इरवांडी युसूफ, त्या बंडातले पुढारी. त्सुनामी आली तेव्हा ते बांदा आचेच्या तुरुंगात कैदी होते. अहतिसारीला २००८ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला. १६ ऑक्टोबर २०२३ ला तो गेला.

कर्जत-खालापुरातल्या शाळांच्या सहली उंबरखिंडीत जातात. पोरं स्मारकापाशी घोषणा देतात, ते छानच आहे. नेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती करायची आहे. लढाई सांगून झाली की पोरांना लगेच डबे खायला सोडू नका. आपल्याच सेनापतीला तोंडावर खरं सांगणारी रायबागन त्यांना सांगा, वकील आला तेव्हा महाराजांनी काय मागितलं आणि काय मागितलं नाही तेही सांगा, आणि मग त्यांना नानांचा सवाल विचारा: शत्रू घाट चढून परत न जाता शेजारीच राहणार असेल तर काय कराल? पोरांना बोलू द्या.